अकरावी ओळ

शेवटची लांब शिट्टी वाजली आणि गोलात उभ्या असलेल्या कुलूपने हातमोजे काढायला घेतले. आधी डावा, मग उजवा. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पेंटरकाकांनी ते पाहिलं. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला होता, ही उपांत्य फेरी होती, आणि उपांत्य फेरीत बरोबरी म्हणजे पेनल्टी. दोन्ही संघांना पाच-पाच. नियमांच्या कागदावर तसं स्पष्ट छापलेलं होतं, सगळ्यांना पाठ होतं. फक्त कुलूपच्या पुठ्ठ्यावर ते नव्हतं. आणि पुठ्ठा लिहिला होता काकांनी.

"बोंबला!" काका स्वतःशीच म्हणाले.

कुलूप हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंड उघडत नाही म्हणून लहानपणी पोरांनी चिडवायला ठेवलेलं. पुढे ती गल्लीच्या संघात गोलकीपर झाली, चेंडू आत जाईना, तेव्हा तेच नाव कौतुकाचं झालं. आता ती पंचवीस वर्षांची होती. काकांच्या दुकानासमोरच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची आणि जेवणाच्या सुट्टीत काकांच्या पायरीवर येऊन बसायची. काका मनगटाखाली आडवी काठी धरून बोर्डावर अक्षरं रंगवायचे, ही बघत राहायची. तासभर एक शब्द नाही. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणत. काका म्हणत, "पोरगी शब्दाची पक्की आहे. शब्द फिरवतो ते आपण."

गेल्या वर्षी एक सामना कोणाला काही न सांगता अर्धा तास उशिरा सुरू झाला. ती कान दाबून जाळीत आडवी झाली आणि बघ्यांनी मोबाइल बाहेर काढले. तो व्हिडिओ तिच्या आईला शेजारणीने दाखवला. दुसऱ्या दिवशी आई काकांच्या दुकानात येऊन उभी राहिली. "तिला संघात तुम्ही घेतलंत, म्हणून तुम्हाला सांगते. पुन्हा एकदा असं झालं, तर खेळ बंद. माझी मुलगी लोकांच्या करमणुकीसाठी नाही."

तेव्हापासून पुठ्ठे सुरू झाले. सामन्याच्या आदल्या दिवशी काका एका पुठ्ठ्यावर दहा ओळी लिहून देत. किती वाजता निघायचं, आधी कुठल्या बाजूचा गोल, मध्यंतर किती मिनिटांचं. दहावी ओळ ठरलेली: शेवटची लांब शिट्टी, सामना संपला, हातमोजे काढायचे, घरी. वर्षभरात तिने एकही सामना अर्ध्यावर सोडला नाही. हल्ली एकेका पुठ्ठ्याला काकांना दोन-दोन तास लागत, पण ते कोणाला बोलले नव्हते. उजवा हात खिशात घालून हिंडायची सवय त्यांनी लावून घेतली होती. आणि हा संघ आजवर साखळी सामन्यांच्या पुढे कधी गेलाच नव्हता, तिथे बरोबरी झाली तरी लांब शिट्टीला सामना संपायचा! हाताने सवयीने तीच दहावी ओळ लिहिली.

"अगं ए, कुठे चाललीस? पेनल्टी आहेत अजून!" संघाचा कप्तान, पंक्चरवाला, धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला. नेमकी तीच गोष्ट करायची नव्हती. तिने हात हिसडून घेतला, कान दाबले आणि गोलाच्या खांबाला टेकून मटकन खाली बसली.

"संपलं," ती म्हणाली. "संपलं. संपलं. संपलं."

प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसलं. दोन मोबाइल वर झाले. बाकावर बसलेली तिची आई पिशवी उचलून उभी राहिली.

स्पर्धेचे सेक्रेटरी घड्याळ बघत काकांजवळ आले. "काका, दोन मिनिटं देतो. नाहीतर दुसऱ्या कोणालातरी गोलात उभं करा." माणूस तसा भला होता. मैदानाच्या नव्या इमारतीचा वीस फुटी बोर्ड त्याने काकांना कबूल केला होता. अख्ख्या शहराचे बोर्ड मशीनवर छापून यायला लागले होते, हा एकच हाताने लिहायचा होता.

काका धावले. साठीच्या माणसाला जमेल तेवढे धावले. वाटेत आई आडवी आली.

"पुरे झालं, काका."

"वहिनी, चूक माझी आहे. तिची नाही."

"मागच्या वेळीही तिची नव्हती. हसले मात्र तिला."

काकांनी हात जोडले. "दोन मिनिटं द्या. मग खुशाल घेऊन जा."

आई बाजूला झाली, पण पिशवी तिने खाली ठेवली नाही.

काका गुडघ्यांवर बसले. कुलूपच्या शेजारी पडलेला पुठ्ठा उलटा केला, मागोमाग आलेल्या सेक्रेटरींच्या खिशातला मार्कर मागून घेतला आणि मांडीवरच लिहायला लागले. 'अकरा. पेनल्टी.' दोनच शब्द, पण शिरोरेघ जिन्यासारखी चढली आणि उतरली. त्यांनी पुठ्ठा तिच्यासमोर धरला.

तिने एक नजर टाकली. "हे काकांचं नाही."

"अगं, माझंच. आत्ता तुझ्यासमोर लिहिलं की."

"काकांची रेघ सरळ असते. हा पुठ्ठा खोटा आहे."

"घाईत लिहिलं गं."

"काका घाई करत नाहीत." तिने डोळे मिटून घेतले.

सेक्रेटरी डोक्यावर उभे. "एक मिनिट राहिलं, काका."

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग उजवा हात तिच्यासमोर सरळ धरला. बोटं पानासारखी हलत होती.

"डोळे उघड आणि बघ," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं, हात थरथरतो माझा. काठीचा टेकू नसला की रेघ सरळ येत नाही. कोणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. दहावी ओळ चुकली, ती चूकही माझीच. पुठ्ठा खोटा नाही, पोरी. लिहिणारा म्हातारा झालाय."

सेक्रेटरींनी नजर दुसरीकडे वळवली. कुलूप मात्र हाताकडे बघत राहिली, एखादी चादर नीट तपासावी तशी.

"काठी कुठे आहे?"

"दुकानात."

ती उठली. आई पुढे सरसावली, पण कुलूप तिच्याकडे आलीच नाही. ती मैदानाच्या कोपऱ्याकडे तरातरा चालत गेली आणि तिथली झेंड्याची काठी तिने दोन्ही हातांनी उपटली.

"ओ! झेंड्याला हात लावायचा नाही!" रेफरी ओरडला.

"राहू दे," सेक्रेटरी म्हणाले. "काढू दे तिला."

काठी घेऊन ती परत आली, काकांसमोर बसली आणि दुकानात ते धरत तश्शी तिने ती आडवी धरली. "लिहा."

काकांनी मनगट टेकवलं. काठी तसूभर हलली नाही. 'अकरा. पेनल्टी. पाच चेंडू येतील. काही आत जातील, चालेल.'

"किती आत जातील?"

"ते मला माहीत नाही गं."

"मग तसं लिहा."

काकांनी लिहिलं: 'किती जातील ते काकांना माहीत नाही.' रेघ सरळ आली. तिने ओळ दोनदा वाचली, हातमोजे चढवले, आधी डावा, मग उजवा, आणि जाऊन गोलात उभी राहिली. मोबाइल अजून वरच होते. आई पिशवी छातीशी धरून उभी होती.

पहिला चेंडू आत गेला. कुलूप हलली नाही, तिने कान दाबले नाहीत. दुसरा तिने अडवला, आणि सगळी गल्ली किंचाळली. तिसरा आत. चौथा असा अडवला की मारणारा कपाळावर हात मारून घेत परत गेला. पाचवा आत. पण गल्लीच्या पोरांनी चारातले दोन घालवले होते, आणि पंक्चरवाल्याचा शेवटचा दांड्यावरून पार रस्त्यावर गेला. हरले.

पंक्चरवाला तोंड झाकून बसला. कुलूप शांतपणे काकांकडे आली, मार्कर मागितला आणि पुठ्ठ्यावर त्या ओळीपुढे लिहिलं, 'तीन.' मग हातमोजे काढले.

आईने ते हातमोजे पिशवीत टाकले. बराच वेळ चेन लावत राहिली. "तिसऱ्या नंबरचा सामना रविवारी आहे ना?" ती म्हणाली. "त्या पुठ्ठ्यावर ही ओळ आधीच घाला, काका."

जाता जाता सेक्रेटरी थांबले. "काका, तो बोर्ड... मशीनवर करून घेतो. उगाच तुम्हाला त्रास नको."

"बरं," काका म्हणाले. वाईट वाटलं. फार वाटलं. चाळीस वर्षं त्या हाताने शहराला दुकानांची नावं वाचायला लावली होती.

तिकडे कुलूपने काठी कोपऱ्यात परत रोवली, पायाने माती दाबली, चार पावलं मागे जाऊन ती सरळ आहे की नाही ते पाहिलं आणि आईबरोबर निघाली. काकांचा उजवा हात सवयीने खिशात गेला होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि तिला हलवून दाखवला. तसाही तो हलतच होता.