बहिरूचं मशीन

“चालायचंच न्हाई ते,” सावळेराम म्हणाला आणि हातातली तांब्याची तार त्याने इतकी ताणली की ती तुटली. “मोटारीनं जनरेटर फिरवायचा आन् त्याच जनरेटरनं मोटार? मग मधी दिवे लागायचे कशावर? वाऱ्यावर?”

समोरच्या बाकड्यावर सरपंच गेणभाऊ बसले होते. “डोळ्यांनी पाह्यलंय राव आमी. दोन बल्ब, लख्ख. उद्या सकाळी देवळापुढं सत्कार हाये बहिरूचा. तू ये. एकाच वस्तादाकडं शिकलाय दोघं.”

हेच सावळेरामच्या वर्मी लागलं. नारायणगावच्या त्या वस्तादाकडे बहिरूला एक कॉइल धड भरता येत नसे. शेवटी तो कंटाळून शेतीकडे वळला. सावळेरामने मात्र निरगुडसरच्या स्टँडवर दुकान टाकलं आणि जळालेल्या मोटारी तारेचे नवे वेढे घालून भरण्यात जन्म घालवला. अर्ध्या गावाच्या विहिरींचं पाणी त्याच्या हातांमुळे वर चढत होतं, पण त्याबद्दल कुणी त्याला हार सोडा, नारळाची शेंडीसुद्धा दाखवली नव्हती. आणि आता लोडशेडिंगने सगळे मेटाकुटीला आलेले असताना या बहिरूने भंगारातला टेम्पोचा जनरेटर, एक मोटार, चाक आणि बॅटरी जोडून एक धूड उभं केलं होतं. बॅटरी मोटार फिरवते, मोटार जनरेटर फिरवते आणि जनरेटर बॅटरी भरतो, म्हणजे मशीन आपलं आपण चालतं, असं तो सांगायचा. बघायला मंचरहून माणसं यायची. त्यांच्या जीपगाड्या सावळेरामच्या दुकानापुढेच थांबायच्या आणि माणसं पत्ताही त्यालाच विचारायची.

त्याच्या पोटात दुखत होतं. मशीन चालणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी दुखायचं ते दुखतच होतं.

गेणभाऊ गेल्यावर त्याने बेत केला. उद्या सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं, की मशीन दुपारपर्यंत चालू ठेवा. बॅटरी उतरली की सगळं आपोआप उघडं पडणार होतं, बाकी काही बोलायची गरजच नव्हती. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालत नवी तार गुंडाळू लागला.

तेवढ्यात बहिरूची बायको भागू आली. तिच्या डोक्यावर घमेलं होतं आणि त्यावर गोणपाट. घमेलं खाली ठेवताना ते जड आहे हे कळत होतं. गोणपाट बाजूला केल्यावर आत बॅटरी दिसली.

“भावजी, संध्याकाळपातूर चार्जिंग करून देता?”

सावळेराम बघतच राहिला. तिच्या पदराला बारीक बारीक भोकं पडली होती. ॲसिडची भोकं त्याच्या स्वतःच्या सदऱ्यांना होती, त्यामुळे ती बॅटरी नेहमी वाहते हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

“म्हंजी बहिरूनं गावाला येड्यात काढलं तर.”

“त्येंना ठावं न्हाई.” ती खाली बसली. “मीच नेते मंचरला, बाजाराच्या नावाखाली. घरी दुसरी बॅटरी ठिवलीय, ती लावून ठिवते. आज मंचरात दिवसभर लाईट न्हाई म्हणून तुमच्याकडं आले.”

“आन् त्याला वाटतं मशीन आपलं आपण चालतं?”

“गेल्या साली पीक गेलं तवापासून त्ये बोलायचेच न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडायचे. मशीन फिरलं त्या दिशी हासले. मंग दुसऱ्या दिशी फिरंना, तर तोंड एवढंसं झालं. मला बघवंना.” तिने गोणपाटाची घडी घातली. “पर पैसं घिऊन आसलं मशीन कुणाला करून देणार न्हाईत, तशी शपथ घातलीय म्या.”

“आन् उद्या मी सांगितलं सगळ्यांना?”

“सांगा की. पर माझं नाव सांगा. बायकूनं फसवलं म्हणा. त्येंच्यावर आणू नका.”

सावळेरामने बॅटरी उचलली आणि चार्जिंगला लावली. का लावली, हे त्याचं त्यालाही उमगलं नाही. ती गेल्यावर मोटार भरताना पहिल्यांदाच त्याचे वेढे चुकले.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे मांडव होता. बहिरूला फेटा, शाल, हार, नारळ, सगळं मिळालं. मशीन सुरू झालं, बल्ब लागले आणि टाळ्या पडल्या. गेणभाऊंचं भाषण काही संपेना. बऱ्याच वेळाने मोटारीचा आवाज किंचित खाली आल्याचं सावळेरामला जाणवलं. आता थोड्या वेळात बल्ब पिवळे पडणार होते. दुपारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं.

तो उठून उभा राहिला. “मशीन बंद करा आता. सरपंचांचं भाषण ऐकू येईना.”

“बघवंना व्हय रं?” मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खा मांडव हसला. बहिरूही हसला, पण त्याने मशीन बंद केलं.

“सावळेराम, आता तरी मानलंस का?” गेणभाऊंनी माईकवरूनच विचारलं.

“मानलं,” सावळेराम म्हणाला आणि खाली बसला.

बायकांच्या घोळक्यात भागू उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फेट्यातल्या बहिरूकडे पाहत होती, जगात दुसरं काही नसल्यासारखी. शाल आणि हार सावळेरामने कधीच सोडून दिले असते. पण असं आपल्याकडे कुणी एकदा तरी बघावं, या विचाराने त्याचा जीव नुसता जळत होता.

घरी जाताना बायको ठकूबाई पुढे चालली होती. “भर मांडवात हसं करून घ्यायची काय गरज व्हती? येवढं वाईट वाटून घ्यावं का मानसानं दुसऱ्याच्या चांगल्याचं?”

थोडं अंतर चालून गेल्यावर तो म्हणाला, “ठकू, मी मोटार भरतो ना, तवा तू कदी बसून बघितलंयस का मला?”

ती थांबली. त्याला बरं नाही की काय, असं तिने क्षणभर निरखून पाहिलं.

“त्यात काय बघायचंय?” ती म्हणाली. “चला बिगीबिगी, लाईट जाईल. दळण राह्यलंय.”