समुद्रावरचे तीळ

उम्म तौफिकला तिच्या मुलाचं प्रेत हवं होतं. माझ्या स्टुडिओच्या दारात उभं राहून तिनं पहिलं वाक्य तेच म्हटलं. बोट बुडून तेव्हा तेवीस दिवस झाले होते. चाळीसेक माणसं सायप्रसला जायला निघाली होती. त्यातला एकटा निहाद न्हावी पोहत किनाऱ्यासमोरच्या बेटाला लागला. नऊ जणांची प्रेतं लाटांनी परत आणून दिली. तौफिक त्यांत नव्हता.

"कॉफीवाल्याच्या भिंतीवर काळ्या समुद्राचा फोटो आहे, तो तुझाच ना?" तिनं विचारलं. "त्याच रात्रीचा आहे म्हणे."

"त्याच रात्रीचा."

"किती वाजताचा?"

"चारला दहा मिनिटं कमी होती."

ती मटकन खुर्चीत बसली. "निहाद सांगतो, चारच्या सुमाराला त्यांनी मोबाईलच्या बत्त्या वर धरल्या होत्या. रबीअ म्हणतो, बोट कुठल्या दिशेला होती एवढं कळू दे, मी बुडी मारतो. तुझ्या फोटोत त्या बत्त्या असतील बघ, वजीह. जरा नीट बघ ना, बाळा."

रबीअ आमच्या मीना बंदराचा पाणबुड्या, स्पंज काढणाऱ्या घरातला. तो शब्दाचा पक्का होता. प्रश्न माझा होता. मला फोटो बघायची गरजच नव्हती, तो मला पाठ होता. त्यात बत्ती नव्हती, बोट नव्हती, पाण्यावर काहीच नव्हतं, आणि त्याबद्दलच तर लोकांनी माझी पाठ थोपटली होती.

आमच्याकडे वीज दिवसातून दोन तास येते. सगळं मीना त्यावरून शिव्या घालतं. आम्ही सात-आठ फोटोवाले मात्र मनातून खूश होतो. शहर विझलं तसं डोक्यावरचं आकाश भरून आलं, लहानपणी गच्चीवर झोपताना दिसायचं तसं. लोकांच्या फ्रीजमधलं मटण सडत होतं आणि आम्ही ट्रायपॉड खांद्यावर टाकून किनाऱ्यावर चाललो होतो. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली, खरं सांगतो.

त्या रात्री मी अर्धं-अर्धं मिनिट शटर उघडं ठेवून फोटो घेत होतो. माझा कॅमेरा जुना आहे. इतका वेळ उघडा राहिला की आतून तापतो आणि काळ्या जागी, जिथे काही नाही तिथे, पांढरे ठिपके उठवतो. त्याला उपाय आहे. लेन्सवर झाकण लावायचं आणि तेवढाच वेळ आणखी एक फोटो काढायचा. आम्ही त्याला आंधळा फोटो म्हणतो. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके तेवढे येतात. ते खऱ्या फोटोतून वजा केले की उरतं ते खरं. मी हे दहा पोरांना शिकवलंय. पण त्या रात्री बॅटरी संपत आली होती. चार्ज करायला वीज नव्हती. आंधळा फोटो राहू दे, म्हटलं, ठिपके काय, घरी हातानं पुसता येतील.

गुरुवारी कॉफीवाल्याच्या माडीवर आमची बैठक भरते. प्रत्येकानं आपला फोटो छापून आणायचा आणि उस्ताद बशाराच्या पुढ्यात ठेवायचा. म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुतलेत. त्याच्या हातात लाल पेन्सिल असते आणि तोंडात दयामाया नसते.

"हे काय रे?" माझा फोटो बघून तो म्हणाला. "समुद्रावर तीळ कुणी सांडले? तीळ लावलेला कअक-पाव विकायला बसला होतास का तिथं?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो.

"कॅमेऱ्याची घाण आहे, उस्ताद. पुसतो."

"मग माझ्यापुढे आणायच्या आधी पुसायला काय झालं होतं? रांधून आणायचं, बाबा. कच्चं नाही वाढायचं लोकांना." एकेका ठिपक्याभोवती त्यानं लाल गोल काढला. "आणि पुसलंस की मूळ फाईल ठेवू नकोस. मूळ जवळ राहिलं की त्याच्यावर जीव जडतो. मग माणूस सुधारत नाही."

हा त्याचा कायदाच होता, आणि आम्ही तो पाळत होतो. घरी जाऊन मी एकेक ठिपका पुसला. दोन तास लागले. मूळ फाईल उडवली. पुढच्या गुरुवारी बशारानं लाल पेन्सिल कानामागे खोचली आणि फोटो हातात धरला. मग म्हणाला, "आता हा समुद्र झाला." त्यानं स्वतः खिळा ठोकून तो खाली दुकानात लावला. दोन दिवस मी हवेत होतो. बोट बुडाल्याचं तोवर सगळ्यांना कळलं होतं, मलाही. पण माझ्या तिळांचा आणि त्या बोटीचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. इतका मी हुशार.

उम्म तौफिकला मी एवढंच म्हणालो, "दोन दिवस द्या मला." आणि बशाराचं घर गाठलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. एकही टोमणा मारला नाही. उठून पलंगाखालून खोका ओढला. लाल गोल काढलेली प्रत्येक प्रिंट तो सांभाळून ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"फाईल ठेवू नका म्हणून सांगणारा मीच," तो म्हणाला. "घे. चौदा गोल आहेत. मी मोजलेत."

"कधी मोजलेत?"

"निहाद परत आला त्या दिवशी." त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. "मला वाटलं, तू येशील."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. मग वाटलं, मी तरी कुठे आलो होतो? मी प्रिंट घेतली.

पहाटे चारला मी किनाऱ्यावरच्या त्याच कठड्यावर गेलो, जिथे त्या रात्री कॅमेरा लावला होता. तोच कॅमेरा, तेच अर्धं मिनिट. फक्त झाकण लावलेलं. त्या रात्री जो आंधळा फोटो काढायचा होता तो आता काढला. एकदा नाही, वीस वेळा. घरी येऊन तो छापला आणि जुन्या प्रिंटवर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. कॅमेऱ्याची घाण जागा बदलत नाही. चौदापैकी अकरा ठिपके तंतोतंत जुळले. तीन उरले. तिन्ही एका रांगेत, एकमेकांजवळ, क्षितिजाच्या किंचित खाली.

मी रडलो नाही. हावऱ्यासारखा आनंद झाला मला. वाटलं, सापडला तौफिक. वाटलं, मीच शोधला.

दुपारी रबीअच्या शेडमध्ये आम्ही जमलो. रबीअ, उम्म तौफिक, निहाद न्हावी आणि मी. टेबलावर समुद्राचा नकाशा पसरलेला. बेटाचं टोक फोटोत आलं होतं, त्यामुळे काम सोपं होतं. रबीअनं पट्टी लावली आणि कठड्यापासून पेन्सिलीनं रेघ ओढली.

"एक सांग," तो म्हणाला. "शटर अर्धं मिनिट उघडं होतं ना? मग चालत्या बोटीवरची बत्ती रेघेसारखी यायला हवी. हे तर ठिपके आहेत."

"म्हणजे बोट उभी होती," मी म्हणालो.

"उभीच होती," निहाद म्हणाला. तो परत आल्यापासून मान वर करून बोलत नसे. "आम्हीच इंजिन बंद केलं. पाणी आत यायला लागलं होतं, पण इंजिन धड होतं. मागे फिरलो असतो तर कदाचित..."

"मग बंद का केलंत?" रबीअ ओरडला. "डोकं फिरलं होतं का तुमचं?"

"किनाऱ्यावर कुणीतरी बत्ती हलवत होतं ना! इकडून तिकडे, इकडून तिकडे. सगळे म्हणाले, पाहिलं आपल्याला. आता कुणी तरी येईल. म्हणून थांबलो, मोबाईल वर धरले. अर्धा तास धरले असतील. मग बत्ती विझली. आम्ही म्हटलं, निघाले वाटतं आपल्याकडे यायला."

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. रात्रीच्या फोटोत पुढचे खडक नुसते काळे गोळे येतात. म्हणून शटर उघडं असताना टॉर्च घेऊन त्यांच्यावरून उजेड फिरवायचा असतो, इकडून तिकडे, भिंतीला चुना लावतात तसा. आम्ही सगळेच असं करतो. प्रत्येक फोटोला परत नव्याने. त्या रात्री मी कठड्यावर कॅमेऱ्यामागे उभा राहून, समुद्राच्या बाजूला टॉर्च फिरवत खडक उजळत होतो. नजर खडकांवर होती, आणि टॉर्चच्या उजेडापुढे समुद्र मला नुसता काळा दिसत होता. चारच्या पुढे कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तसा टॉर्च विझवून घरी गेलो आणि झोपलो.

तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, मला माहीत नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. रबीअ नकाशावरच्या बारीक आकड्यांवर बोट फिरवत होता.

"उम्म तौफिक," तो हळूच म्हणाला. "रेघ बरोबर आहे. पण ती सगळी पाण्याखालच्या दरीवरून जाते. तीनशे मीटर खोल, पुढे त्याहून जास्त. मी साठापर्यंत जातो. माझा बाप सत्तरला गेला होता, तो वर आल्यावर महिनाभर चालला नाही. तिथवर जाणारं यंत्र आपल्याकडे नाही, आणि कुणी आणणारही नाही."

"नाहीच जमायचं?"

"नाही, खालाजान. माफ करा मला."

तिनं मान हलवली. मग प्रिंट ओढून घेतली आणि तीन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"यातला माझा कुठला?" तिनं मला विचारलं.

"नाही सांगता येत."

"मोठं करून बघ."

"मोठं केलं तरी ठिपकाच दिसतो."

"बरं." तिनं प्रिंट ओढणीत गुंडाळली. मग निहादकडे वळून म्हणाली, "एक मात्र बरं झालं, बेटा. तुम्हाला वाटलं ना, कुणीतरी पाहिलं आपल्याला? शेवटपर्यंत वाटत होतं?"

"शेवटपर्यंत," निहाद म्हणाला.

"मग माझा तौफिक घाबरून नाही गेला. वाट बघत गेला." तिनं दोन्ही तळहात छातीपाशी उघडे धरले. "तो बत्तीवाला कोण होता, देव जाणे. अल्ला त्याला उदंड आयुष्य देवो. त्याच्या लेकराबाळांना सुखात ठेवो."

"आमीन," रबीअ म्हणाला. "आमीन," निहाद म्हणाला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही आमीन म्हणालो.