शेवंतीची सिद्धता

बाप्तिस्त मास्तरांनी फळ्यावरची खालची रेषा पुसली आणि मुद्दाम वाकडी करून पुन्हा काढली. उजवीकडे ती वरच्या रेषेला जाऊन टेकली. अकरावीचा वर्ग हसला.

"सर, समांतर म्हणालात आणि ही तर पाचर झाली," मागच्या बाकावरून बाबू म्हणाला.

"समांतर आहेत हे सिद्ध करायचंय. म्हणून आधी उलट मानायचं. समजा, त्या समांतर नाहीत. मग कुठेतरी मिळणारच."

"खोटा म्हायत आसा तर मानूचा कित्याक?"

"खोटं पाडायला. काल अभ्यास केलास?"

"केलंय सर."

"बरं. समजा, बाबूने अभ्यास केला. तर वहीत गृहपाठ असणार. दाखव."

बाबू वर बघत राहिला.

"गृहपाठ नाही. विसंगती आली. म्हणून जे मानलं ते खोटं."

"सिद्ध झाला रे मेल्या!" शेजारचा ओरडला. घंटा होईपर्यंत वर्ग हसतच होता. शेवंती तेवढी हसली नाही.

मास्तरांनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतले. वर्गात भूमिती तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. पण अशी सिद्धता आली की ती पहिली ओळ कोरी सोडी आणि दुसरीपासून लिही. सहामाहीत गुण गेले, चाचणीत गेले. मार्चची परीक्षा तोंडावर होती.

"पहिली ओळ का लिहीत नाहीस?"

"तसा बोलूचा नाय म्हणता आये."

"कसं?"

"समजा म्हणान."

मास्तरांना पुढे विचारावे लागले नाही. आचऱ्यात सगळ्यांना ठाऊक होते. शेवंतीचा बाप गलबतावर खलाशी होता. दोन पावसाळ्यांमागे मंगळुरी कौले भरून ते गलबत निघाले ते मालवणला पोचलेच नाही. फळी सापडली नाही, माणूस सापडला नाही. कुणी म्हणाले, वाऱ्याने गोव्याच्या हद्दीत गेले आणि पोर्तुगिजांनी धरले, माणसे तुरुंगात आहेत. शेवंतीच्या आईने, यशोदेने, तेवढे धरून ठेवले. माणूस दर्यात असताना त्याच्या घरात वाईट शक्यता तोंडातून काढीत नाहीत, आणि यशोदेच्या घरातला माणूस अजून दर्यातच होता. दीर एकदा ओटीवर बसून म्हणाला, "समजा वहिनी, तो नाय इलो तर..." तिने त्याला पुढे बोलू दिले नाही. चहा न देता उठवला.

"भूमितीत बोललेलं खरं होत नाही," मास्तर म्हणाले. "बोलायचं, त्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं. ते उभं राहत नसेल तर आपोआप पडतं. आपण काही करत नाही."

 शेवंतीने त्यांच्या हातातला खडू घेतला. मास्तरांना वाटले, प्रमेय लिहील. तिने लिहिले:

समजा, बाबा जिवंत आहेत.

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

तर ते गोव्याच्या तुरुंगात होते.

नाताळाआधी गोवा मोकळा झाला. तुरुंग उघडले. म्हणून ते सुटले.

सुटले असते तर घरी आले असते.

शिमगा जवळ आला. ते आले नाहीत. ही विसंगती.

म्हणून

एवढे लिहून ती थांबली. "तपासा सर."

मास्तर एकेक ओळ वाचत गेले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर काळी पट्टी शिवलेली होती. तिचा सुटलेला दोरा ते बोटाला गुंडाळत होते. गेलेल्या बायकोच्या, बर्नादेतच्या, क्रूसावरचे नाव आणि तारीख त्यांनी स्वतः कागदावर लिहून गवंड्याला दिली होती. तिथे सिद्ध करायचे काही उरले नव्हते. इथे ते चूक शोधत होते. मुलांच्या वहीत चूक सापडू नये म्हणून इतकी वर्षे शिकवले आणि आज सापडावी असे त्यांना वाटत होते.

सापडली.

"ही पायरी. सुटले असते तर घरी आले असते. हिचं कारण दिलं नाहीस. सुटलेला माणूस घरीच येतो हे कशावरून? मुंबईला गेला असेल. तिकडेच कुठे..."

ते थांबले.

"तिकडेच काय सर?"

मास्तर पुन्हा दोरा गुंडाळू लागले.

"तिकडेच रवले? आमका टाकून?"

"तसं नाही म्हणत मी."

"पण ही पायरी मोडूची तर तसाच म्हणूक होया."

तेही त्यांनीच शिकवले होते. पायरी मोडायची तर ती जिथे खरी ठरत नाही असे एक उदाहरण द्यायचे. उदाहरण त्यांच्या तोंडात आले होते. ते त्यांनी गिळले.

शेवंतीने त्या ओळीपुढे कंस केला आणि कारण लिहितात तसे बारीक अक्षरात लिहिले, (बाबांचा आमच्यावर जीव आहे). मग विचारले, "चलतला?"

"चालेल," मास्तर म्हणाले.

म्हणून या शब्दापुढे तिने काही लिहिले नाही. फडके घेऊन सगळा फळा स्वच्छ पुसला. मग मास्तरांच्या त्या दोन रेषा काढल्या, खालची वाकडी, आणि प्रमेय सुरू केले. पहिली ओळ तिने कुठेही न अडखळता लिहिली.

शाळा सुटली तेव्हा यशोदा फाटकाशी उभी होती. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मास्तरांना बघून तिने पदर सारखा केला आणि लेकीकडे बोट दाखवले.

"मास्तरानू, चेडवाक जमता मां?"

"जमता. आता अडाचा नाय."

"बरा झाला. बापूस इल्याबरोबर पयला तांच इचारतलो." ती शेवंतीकडे वळली. "वाटेत दुकानात जावया गो. घरात इडी नाय. अजून माणसा येतत थयसून. रातीबेराती इलो तर ओढूक काय दितलंय?"

मास्तरांनी शेवंतीकडे पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. आईच्या डोक्यावरची पाटी उतरवून तिने आपल्या डोक्यावर घेतली, तोल बघितला आणि चालू लागली.

"घेवया," ती म्हणाली. "पण कडक घे गो. बाबांका दुसरी चलना नाय."