अठ्ठेचाळीस माझेच

शाळेच्या नव्या व्यायामशाळेत अमेरिकन फुटबॉलच्या नोंदींचा फलक लागणार होता. आजवरच्या प्रत्येक क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, फेकलेले किती चेंडू आपल्या गड्यांऐवजी समोरच्या संघाने झेलले, याचा एक रकाना त्यात होता. सगळ्यात मोठा आकडा माझ्या वडिलांचा, वर्लिन कुचेरांचा. अठ्ठेचाळीस. समितीने तो गुपचूप गाळायचं ठरवलं. मी याच शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला कळलं आणि मी घरी सांगून बसले.

गुरुवारी बैठकीला बाबा न बोलावता आले. समोर खायला चिलीचा तिखट रस्सा आणि गोड सिनॅमन रोल होते. त्यांनी हात लावला नाही.

"वर्लिन, तुमच्या अब्रूसाठीच गाळतोय हो," अध्यक्ष ड्वेन स्ट्रोबेल म्हणाला. तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक, बाबांपेक्षा बारा वर्षांनी लहान.

"माझी अब्रू तुझ्याकडे ठेवायला कधी दिली होती रे?"

कोणीतरी खोकलं. बाबा टेबलावर वाकले. "आमच्या पोरांची वजनं बघितली होतीस का? पहिल्या पावणेतासात आम्ही वीस गुणांनी मागे. मग काय, चेंडू पोटाशी धरून बसू? फेकला. धरला त्यांनी. पुन्हा फेकला."

मला राहवलं नाही. जुन्या नोंदवह्या मी चाळल्या होत्या. "नुसता आकडा घेऊ नका. बाबांनी सहाशे चाळीस चेंडू फेकले. म्हणजे शंभरामागे साडेसात गेले. ड्वेन, तुमचे अकराच गेले, पण तुम्ही फेकलेच एकशे अठरा. शंभरामागे नऊच्या वर."

ड्वेनचे कान लाल झाले. "मग टक्केवारीच लावू या," त्याच्या बाजूची समितीतली बाई घाईने म्हणाली. "म्हणजे वर्लिन शेवटी राहणार नाहीत."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जो, पोरी, मला भागाकाराने सोडवू नकोस. अठ्ठेचाळीस माझेच आहेत. किती फेकले ते लिहा, किती गेले ते लिहा. माझे, ड्वेनचे, सगळ्यांचे. भागाकार लोकांना येतो."

मतं पडली, बाबांच्या बाजूने चार, विरोधात तीन. ड्वेनने विरोधात हात वर केला आणि खाली घेतलाच नाही, जणू अजून मोजायचा राहिलाय.

सप्टेंबरात फलक लागला. त्या दिवशी शेजारच्या गावचा लायल पोस्पिशिल आला. तरुणपणी तो आमच्याविरुद्ध खेळलेला. त्याने काठीचं टोक बाबांच्या ओळीवर टेकवलं. "यातले चार मी धरलेत."

"तीन."

"चार! चौथा त्या चिखलात..."

"तो जमिनीला लागला होता, लायल. मी बघितला."

"पंचांनी दिला मला!"

"पंच आंधळा होता," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.