कानामागून ऐकलेली कविता

मी कानाचं मशीन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्याचं बोलणं नेऊन पोचवायचं, एवढंच. पण जे पोचवता आलं नाही, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझे मालक बॉयलर दुरुस्त करणारे फिटर. सगळे त्यांना फिटरकाका म्हणतात. जन्मभर लोखंडावर हातोडे मारून त्यांचे कान गेले. निवृत्तीनंतर लेकीने मला आणून दिलं. "बाबा, आता तरी आईचं ऐका," ती म्हणाली आणि सगळे हसले.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. नळाची टपटपसुद्धा काका कौतुकाने ऐकत. मग काकूंना कवितेचा नाद लागला. वाचनालयात दर आठवड्याला काही मंडळी जमून आजच्या कवींच्या कविता वाचत. काकू पुस्तक घरी आणून काकांना वाचून दाखवू लागल्या.

"यमक कुठाय यात?" काका म्हणायचे. "आणि ओळी अशा अर्ध्यावर का तोडल्यात? कागद अपुरा पडला?"

"ओळ तुटते तिथे थांबायचं असतं हो. न बोललेलं तिथेच असतं."

"न बोललेलं मला कसं ऐकू येणार? इथे बोललेलंच मुश्किलीने येतं!"

पुढे काकू स्वतः लिहू लागल्या, आणि काकांना माझ्या पाठीवरच्या बटणाचा शोध लागला. कान खाजवल्यासारखं करायचं आणि मला बंद करायचं. बंद झालो की मलाही काही ऐकू येत नाही. थोड्या वेळाने काकांचा जबडा हलायचा, तेवढं जाणवायचं. काकूंच्या हातातला कागद खाली आला की ते "छान आहे" म्हणत, हे मला मागाहून कळलं. काकू खूश, काका मोकळे.

काकू वाळत चालल्या, तेव्हा लेक येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गाठ छातीत होती आणि पार पसरली होती. "इतके दिवस कुणालाच कसं सांगितलं नाहीत?" डॉक्टरीणबाई रागावल्या.

घरी आल्यावर काकांचा आवाज चिरकला. "अगं, निदान मला तरी सांगायचंस!"

काकूंनी उशी सारखी केली. "सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

काकांना वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय.

काकू गेल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. ग्रंथपालबाईंनी काकूंची एक कविता वाचली. त्या दिवशी मी चालू होतो.

अंघोळ करताना
साबणाखाली
एक खडा लागला,
तांदळात लागतो तसा.
हा निवडून
टाकता येत नाही.
द्या ना
तुमचा हात.
दाखवते.

"गेल्या वर्षी त्यांनी ही इथे वाचली," बाई म्हणाल्या, "तेव्हा आम्ही केवढा वाद घातला! खड्याची प्रतिमा ताजी आहे, पण शेवटची ओळ हवी की नको? काकू एवढंच म्हणाल्या, राहू द्या, घरी वाचली तेव्हा हे छान म्हणाले..." आणि बाईंनी कागद खाली ठेवला.

काका उभे राहिले. त्यांचा कान तापला होता.

"मी ऐकलीच नव्हती," ते म्हणाले. "मशीन बंद करून बसलो होतो. पण तुम्हा सगळ्यांना तर ऐकू येत होतं ना?"

एक खुर्ची करकरली, तेवढं मी पोचवलं.

आता काका दर आठवड्याला तिथे जाऊन पुढच्या रांगेत बसतात. कविता वाचून झाली की विचारतात, "हे खरंच झालंय का? आता कसं आहे?" कवी ओशाळतात. एका प्राध्यापकांनी त्यांना समजावलं, "काका, कवितेतला 'मी' म्हणजे कवी नसतो."

"नसू दे. विचारायला काय जातं?"

मागच्या रांगेत लोक हसतात. तेही मीच पोचवतो.

माझंही आता वय झालं. मध्येच शिट्टी वाजते, घामाने आतली तार गंजलीय. कवितेतलं मला काही कळत नाही. विनवणी एकच आहे: कुणी आपलं लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं, तर "छान" जरा उशिरा म्हणा.

परवा एका मुलीने एका खोलीवरची कविता वाचली. खोलीला कडी बाहेरून होती. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर काकांनी विचारलं, "पोरी, ही खोली कुठे आहे?"

मुलीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग तिने पत्ता सांगितला.