सातवं कलम

आत्मारामने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली आणि गोदाबाईंच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"अक्षर तुमचंच हाय ना, बाई?"

गोदाबाईंनी चष्मा पुसला. फोपनारच्या शाळेत त्यांनी आत्मारामला बाराखडी गिरवायला लावली होती. निवृत्त झाल्यावर त्या इथे लोधीपुऱ्यात भाचीकडे राहायला आल्या. दहा वर्षं पाणी मंडळाचा अध्यक्ष असलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

"माझंच. बोलणारे चौघं होते, लिहिणारी मी एकटी."

ती मंडळाची घटना होती. तीस वर्षांपूर्वी तापीचं पाणी मोटरने उचलून केळीला द्यायचं ठरलं, तेव्हा एका दुपारी चावडीवर बसून लिहिलेली, बारा कलमांची. आत्मारामचा हिंदी शाळेत शिकलेला मुलगा विशाल या नावाला हसायचा. त्याच्या हिंदीत घटना म्हणजे काहीतरी वाईट घडलेलं. "पापा, किसके साथ हुई ये घटना?" असं तो विचारायचा. या वेळी ती आत्मारामसोबतच झाली होती.

सातव्या कलमात एवढंच होतं: 'अध्यक्षास दोन पाळ्या. तिसरी कोणत्याही कारणाने नाही.'

गाव त्याचा एकच अर्थ धरत आलं होतं. पाच-पाच वर्षांच्या दोन पाळ्या, मग खुर्ची सोडायची. पहिले अध्यक्ष पंडित पाटील दहा वर्षांनी उठले. त्यांच्यानंतर कडू महाजनही तसेच उठले. आता आत्मारामची दहा वर्षं भरली होती आणि उद्या सकाळी सभा होती. नवी पाइपलाइन अर्धीच टाकून झालेली. ती पुरी करणारा दुसरा कोणी गावात नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, अध्यक्ष नसलेला आत्माराम कसा असतो हे तो विसरूनच गेला होता.

"यात साल कुठं लिहिलं, बाई? आपन तर पाळी पान्यालाच म्हनतो. लिहिनाऱ्याच्या मनात काय होतं, तेच धरलं पाहिजे ना? ते चौघं तर गेले. बस, तुम्ही उरल्या."

"मग मी काय करू?"

"दोन ओळी लिहून द्या. पाळी मतलब पान्याची पाळी, खुर्चीची नाही. उद्या सभेत वाचून दाखवतो."

गोदाबाईंनी ओळीवरून बोट फिरवलं. आत्माराम बोलणी खायच्या तयारीने आला होता.

"खरंय तुझं," त्या म्हणाल्या. "पाण्याचीच पाळी होती ती. खुर्चीचं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मंडळ वर्षभर टिकतं की नाही, याचीच धास्ती."

आत्मारामचा जीव भांड्यात पडला. निवलेला चहा त्याने एका घोटात संपवला, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून त्यांच्या हातात दिलं.

"सगळंच लिहिते," गोदाबाई म्हणाल्या.

"सगळं मतलब?"

"का लिहिलं, ते. पाण्याच्या एका फेरीत प्रत्येक शेताला एक पाळी. अध्यक्षाचे दिवस मंडळाच्या धावपळीत जातात, म्हणून त्याला दोन. तिसरी मात्र नाही. त्याने तिसरी घेतली की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही." त्यांनी वर पाहिलं. "तुझ्या केळीला किती जातात रे?"

गृहपाठ दाखव म्हणताना असायचा, तोच आवाज होता.

आत्मारामचं शेत मोटरीला लागूनच होतं. तिसरी पाळी मोटर तपासण्याच्या निमित्ताने सुरू झाली. मग एका साली केळी निसवत होती, घड बाहेर पडत होते, म्हणून चौथी. कोणी हटकलं नाही. घड उतरवताना बागेकडे बघून लोक तोंडभर कौतुकच करायचे. शेवटचं शेत छायाचं. एकटीने केळी करणारी बाई. दोन सभांत उठून म्हणाली होती, माझ्याकडं पानी येत नाही. दोन्ही वेळा त्याने तिला सांगितलं होतं, प्रेशर कमी हाय, ताई. ते आठवून त्याला या खोलीत, बाईंच्या समोर, विलक्षण लाज वाटली.

"लिहू?"

त्याने वही हळूच आपल्याकडे ओढली.

"राहू द्या, बाई."

"बरं." गोदाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "पंडितही असाच येऊन बसला होता, दहा वर्षं भरली तेव्हा. नंतर कडूही आला."

"त्यांना लिहून दिलं तुम्ही?"

"मी लिहायलाच बसले होते. त्यांनीच वही उचलली. आणि दुसऱ्या दिवशी सभेत सांगितलं, पाळी म्हणजे पाच वर्षं."

"तुम्ही कोनालाच बोलल्या नाही?"

"मला कोणी विचारलंच नाही. विचारायला फक्त अध्यक्ष येतो."

तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि निघाला.

फोपनारला पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. त्याच्या केळीत पाणी खळखळत होतं आणि विशाल पाइपाशी उभा होता.

"क्या बोलीं बाई?"

आत्माराम व्हॉल्व्हपाशी बसला आणि चाक आवळू लागला. ते घट्ट होतं. पाणी चालू असताना ते मध्येच बंद करायची वेळ आजवर कधी आली नव्हती.

"पापा, अपनी पाळी चालू है अभी."

"कितवी?"

पाइपातून शेवटची धार सुटली आणि थांबली.

"छायाच्या शेताकडं सोड."

विशालने त्याच्याकडे बघितलं, मग पुढचा व्हॉल्व्ह उघडायला गेला. चार पावलांवर वळून त्याने विचारलं, "और कल सभा में क्या बोलना है?"

आत्मारामने चिखलाचे हात केळीच्या पानाला पुसले.

"सांगायचं, बाईंना विचारून आलो. पाळी मतलब पाच वर्षं."