अन्नपाण्याचे आभार

सावली गावात गुणवंतरावांचं नाव निघालं की माणसं अजूनही गालात हसतात. सायकलवर रानोमाळ हिंडणारा हा वार्ताहर सत्त्याण्णव साली घरून निघाला तो परतलाच नाही, आणि गावानं परस्पर निकाल लावून टाकला: सिरोंचाकडे दुसरी बाई केली. ती बाई कुणी पाहिली नव्हती, पण तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा लोक छातीठोकपणे सांगायचे. त्यांची बायको वच्छला सत्तावीस वर्षं कुंकू लावून हे ऐकत आली. मुलगी ज्योत्स्ना त्याच गावच्या शाळेत शिकवते. तिनंही कान बंद करून पाहिले, पण गावाचं तोंड कसं बंद करणार?

यंदा वच्छलाबाईंनी अंथरूण धरलं. "तुहा बाप मेला का कुठी नांदून राह्यला, एवढंच मले सांग," त्या म्हणाल्या. "मंग मी मोकळी."

दिवाळीच्या सुट्टीत ज्योत्स्ना केसरबाईंकडे गेली. केसरबाईंचे मालक 'झाडीचा निरोप' नावाचं चारपानी साप्ताहिक काढायचे. ते वारले, साप्ताहिकही गेलं, आणि अंकांचे गठ्ठे तेवढे धान साठवायच्या ढोलीमागे उंदरांच्या हवाली राहिले. "दुसरं पान तुह्या बापाचं," केसरबाईंनी सांगितलं. "बाकीचं आमचे हे पाहात. तुहा बाप महिना महिना रानात राहे, त्याले आपला अंकही धड पाहायले भेटे नाई."

ज्योत्स्ना दुसरं पानच वाचत गेली. रस्ता नाही, शाळेला छप्पर नाही, हातपंप कोरडा, अशी गावोगावची रड, आणि शेवटी न चुकता एक ओळ: 'या गावी श्री. कोलू यांचे घरी अन्नपाणी झाले. त्यांचे आभार.' ज्याच्या घरचं खाल्लं त्याचं नाव शाईत आलंच पाहिजे, हा गुणवंतरावांचा बाणा. मतदार यादीशिवाय ज्यांचं नाव कुठं छापलं गेलं नव्हतं, त्यांना याहून मोठा मान काय देणार, असं त्यांना वाटायचं. ज्योत्स्नानं वहीत वाट उतरवून घेतली. कोडेलपार, कोलू. बोटनटोला, पोचू. हिकेरगुडा, सुकलू. तिला बापाचा अभिमान वाटला, आणि हे सगळं छापून आणून गावाच्या तोंडावर मारायचं तिनं तिथंच ठरवलं.

तिसऱ्या दुपारी एक अंक उलटा पडला आणि तिसरं पान वर आलं. कोपऱ्यात दोन ओळी होत्या. 'कोडेलपार येथील कोलू याचा मृतदेह नाल्याकाठी आढळला. कारण अज्ञात.' आभाराला बारा दिवस झाले होते.

योगायोग असेल, असं म्हणत तिनं पोचूची तारीख काढली आणि पुढचे अंक चाळले. पोचू नवव्या दिवशी सापडला होता. त्या वर्षांत रानात बंदुका दोन्हीकडे होत्या, नक्षल्यांकडे आणि पोलिसांकडे, आणि कुणाच्या चुलीवर परक्यासाठी भात शिजतो यावर दोन्हीकडचा डोळा होता. त्यांना फार शोधावंही लागत नव्हतं. गुणवंतराव नावगावासकट छापून देत होते. ज्योत्स्नाला बापाचा असा संताप आला की तिनं अंक दूर ढकलला.

पोचूच्या मरणाची बातमी ज्या अंकात, त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर सुकलूचे आभार होते.

"हा अंक आला तवा तो इथीच बसला होता," केसरबाई म्हणाल्या. "पान उलटलं, वाचलं, अन् उठला. मी म्हटलं, भाऊ, चहा तं घ्या. चहा तसाच ठेवून त्यानं सायकल काढली."

पुढच्याच अंकात, तिसऱ्या पानावर: 'हिकेरगुडा येथील सुकलू याचा मृतदेह आढळला.' त्यानंतर दुसऱ्या पानावर गुणवंतराव कधीच आले नाहीत. म्हणजे बाप सावध करायला धावला आणि उशिरा पोचला, एवढं तिला कळलं. पण मग गेला कुठं? सुकलूच्या घरच्यांना ठाऊक असेल, म्हणून ती निघाली.

सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ खात बस आलापल्लीला पोचली. तिथून भामरागड, आणि पुढे काळीपिवळी जीप. हिकेरगुड्याच्या फाट्यावर एक चहाची टपरी होती.

"सुकलूचं घर कुठी हाय भाऊ?" तिनं विचारलं.

टपरीवाल्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सुकलू? तो तं कवाचाच मेला. काऊन?"

"असंच," ती म्हणाली, आणि पायवाटेला लागली. मागं वळून पाहिलं तेव्हा तो दारात उभा राहून फोनवर बोलत होता.

गावात लोकांनी तिला लहानू नावाच्या म्हाताऱ्याकडे नेलं. तिनं बापाचं नाव सांगितलं. मग त्यानं दार ओढून घेतलं, चुलीवरची आंबील आणि सुकी मासळी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "पयले खा." तिनं खाल्लं. तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेला चष्मा घेऊन आला. एका काडीला लाल दोरा बांधलेला होता. तो दोरा आईनं बांधताना ज्योत्स्नानं पाहिला होता. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"मीच सुकलू," म्हातारा म्हणाला.

"पण बातमी तं तुम्ही मेल्याची हाय," ती म्हणाली.

"तुहा बा पळत आला. म्हणे, मी तुहं नाव छापलं, तू आत्ताच्या आत्ता जा. मी म्हटलं, दोघंही जाऊ. तो म्हणे, घर रिकामं दिसलं तं ते मागावर येतीन, लेकरं सापडतीन. माहं घोंगडं पांघरून इथीच बसला. आम्ही नदी उतरलो." त्यानं चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं. "ते आले. सुकलू कोण म्हणून विचारलं. तो म्हणे, मी."

सकाळी सगळ्या गावानं एका तोंडानं सांगितलं, हा सुकलूच. पोलीस पाटलानं तसंच लिहिलं, 'निरोप'नं तसंच छापलं. सुकलू सहा महिन्यांनी लहानू होऊन परतला.

गावाबाहेर मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते, प्रत्येक घराण्याची ओळ वेगळी. परक्याला त्या ओळीत जागा नसते. सुकलूच्या घराण्याच्या ओळीत, त्याच्या बापाच्या दगडाशेजारी, गुणवंतराव उभे होते. पायाशी नुकतीच ठेवलेली सुकी मोहफुलं होती. ज्योत्स्ना दगडाला मिठी मारून पोटभर रडली. जन्मभर ज्याला चोरून नावं ठेवली, त्याच्यासाठी रडताना तिला लाजही वाटत होती.

"मी हे छापीन, बाबा," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "तिकडं त्याले बाईवेडा म्हणतेत."

"ते लोक म्हातारे झाले, पोरी. मेले नाईत," म्हातारा म्हणाला. "माहे नातू इथीच राह्यतेत." मग त्यानं विचारलं, "फाट्यावर कोणाले माहं नाव इचारलं का?"

तिनं होकारानं मान हलवली. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं वही काढली, नावांचं पान फाडलं आणि परतल्यावर त्याच्याच चुलीत घातलं. आईच्या कानात एवढंच सांगायचं, की तो मेला आणि चांगला मेला. गावाला हसायचं तितकं हसू दे.

ती फाट्यावर आली तेव्हा टपरीवर आणखी दोघं बसले होते. पुढ्यातल्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता. काळीपिवळीचा पत्ता नव्हता.

"भेटलं का घर, मॅडम?" टपरीवाल्यानं विचारलं.

"कुठचं भेटते! तुम्हीच तं म्हटलं, मेला म्हणून. कोणी ओळखच देत नाई."

दोघांपैकी एकानं मान वर केली. "दिवसभर होत्या. जेवल्या कोणाकडं?"

तिच्या बोटांना अजून सुक्या मासळीचा वास होता. तिनं हात पदराआड घेतला.

"कोणाकडंच नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "या गावात पाणीसुद्धा नाई विचारलं मले कोणी."